पपनसाच्या वासाची बिअर

मला बिअर प्यायला फारशी आवडत नाही. करायला आवडते. हे वाक्य मी रेडमंडमधल्या निदान वीसेक मराठी घरांत ऐकवलं असेल, आणि दर वेळी समोरच्या बाईने आधी माझ्याकडे आणि मग माझ्या नवऱ्याकडे बघितलं. बिचारा, अशा नजरेने. तो बिचारा तोवर सामोशांच्या ताटाकडे सटकलेला असायचा.

पुण्यात मी एका डेअरीच्या लॅबमध्ये सहा वर्षं मायक्रोबायोलॉजिस्ट होते. दह्याचं विरजण जिथे वाढवतात ती खोली माझ्या ताब्यात होती. पांढरा कोट, डोक्याला टोपी, आणि आत जाण्याआधी कोपरापर्यंत हात धुवायचे, दोनदा. एकदा आमचे मॅनेजर हात न धुता आत घुसले, तर मी त्यांना सगळ्यांदेखत बाहेर काढलं होतं. नंतर घरी जाऊन जरा टरकले, ती गोष्ट वेगळी. पण खोली माझी होती.

लग्न करून २००४ मध्ये इथे अमेरिकेत आले ती नवऱ्याच्या व्हिसाला बांधलेल्या व्हिसावर. त्या कागदावर मी डिपेंडंट. राहा, गाडी चालवा, लायब्ररीत जाऊन बसा, सगळं चालेल, फक्त नोकरी करायची नाही. पहिलं वर्ष कौतुकात गेलं, दुसरं पडदे आणि कुंड्यांत गेलं. तिसऱ्या वर्षी मात्र माझं डोकं फिरायला लागलं. कुठल्याही पार्टीत कुणीतरी विचारायचंच, "आणि तू काय करतेस?" मी तोंड उघडायच्या आत नवरा सांगायचा, "ती घरीच असते." त्याच्या मनात काही वाईट नसायचं हो. पण मला त्या वेळी हातातली चटणीची वाटी त्याच्या डोक्यावर उपडी करावीशी वाटायची.

२००७ च्या सप्टेंबरात मी चक्क्यासाठी थर्मामीटर शोधत एका दुकानात शिरले. घरी बिअर करणाऱ्यांना लागणारं सामान विकायचं ते दुकान होतं. बादल्या, नळ्या, माल्टच्या, म्हणजे मोड आणलेल्या बार्लीच्या, सिरपचे डबे, यीस्टची पाकिटं. यीस्ट बघून मी थबकले. कपाटभर यीस्ट, प्रत्येकाचं तापमान आणि स्वभाव वर लिहिलेला. दुकानाचा मालक पांढऱ्या दाढीचा, सत्तरीच्या आसपासचा. मी इतकं निरखून काय बघतेय असं त्याला वाटलं असावं. त्याने एक पाकीट फोडलं, वाळक्या हिरव्या फुलांची चिमूट माझ्या तळहातावर ठेवली आणि म्हणाला, "दोन्ही हातांत चोळ आणि हुंग." ते हॉप्स होते. बिअरला कडूपणा आणि वास देणारी फुलं, आमच्याकडून डोंगर ओलांडला की यॅकिमाला त्यांची शेतं आहेत. ही जात कॅस्केड. मी हुंगलं आणि संत्र्याची साल डोळ्यांजवळ मोडावी तसा वास नाकात घुसला. संत्रं, आणि शिवाय आणखी काहीतरी, अगदी ओळखीचं. ते काय, ते मात्र काही केल्या आठवेना.

थर्मामीटर राहिलाच. काउंटरशेजारी एक नोटीस होती. दुकानाच्या मागच्या खोलीत भरणाऱ्या क्लबाची एप्रिलअखेर स्पर्धा आहे. ज्याची बिअर पहिली येईल त्याची कृती गावाबाहेरची एक छोटी ब्रुअरी आपल्या मोठ्या टाकीत करणार, आणि तो माणूस दिवसभर तिथे ब्रुअरच्या बरोबरीने काम करणार. पगार नाही, म्हणजे व्हिसाचीही आडकाठी नाही. मी ती नोटीस तीनदा वाचली. पहिला नंबर, टाळ्या, ते सगळं गेलं खड्ड्यात. मला तो दिवस हवा होता. एक दिवस, खऱ्या टाकीपाशी, हात धुऊन, काम करत.

"तुला बिअर आवडत नाही यार," नवरा म्हणाला.

"तुला तरी कोडिंग कुठे आवडतं?" मी म्हटलं, आणि विषय संपला.

पहिल्या खेपेला मी जी माती खाल्ली ती आपल्याकडचीच कुणी बाई खाऊ शकते. माल्टचं पाणी तासभर उकळायचं असतं आणि त्यात हॉप्स टाकायचे असतात, एवढं मी वाचलं होतं. कधी टाकायचे ते पुस्तकात कोष्टकात दिलं होतं, पण कोष्टक कशाला बघायचं? वासाची वस्तू कधी घालतात हे मला कळत नाही होय? जिरं, हिंग, कढीपत्ता, सगळं पहिल्या झटक्याला. मी उकळी फुटल्या फुटल्या सगळे हॉप्स फोडणीसारखे आत टाकले. घरभर असा घमघमाट सुटला की मी खूश. महिन्याने बाटली उघडली तर आत काडेचिराईत. वास शून्य.

दुकानदाराने एक घोट घेतला आणि ग्लास हळूच बाजूला ठेवला. "वास घरात आला होता का?" त्याने विचारलं. हो म्हटलं. "मग तो घरातच गेला." तासभर उकळलेल्या हॉप्समधून कडूपणा उतरतो आणि वास वाफेवर उडून जातो. वास हवा असेल तर शेवटच्या पाच मिनिटांत टाकायचे, आणि आंबवून झाल्यावर थोडे वरून, थंडच.

म्हणजे कोथिंबीर! मी कपाळावर हात मारून घेतला. कढीपत्ता नव्हे, कोथिंबीर. गॅस बंद केल्यावर घालायची वस्तू. दुसरी खेप मी तशी केली आणि बाटली उघडल्यावर खरोखर संत्र्याची साल आली. पातळ होती, फेस टिकत नव्हता, पण वास होता. त्या दिवशी मला पहिल्यांदा वाटलं की एप्रिलमध्ये जमेल.

जानेवारीत सासूबाई आल्या, डोंबिवलीहून, सहा महिन्यांसाठी. नवऱ्याचं म्हणणं, बादल्या तेवढ्या दिवस गराजमध्ये झाकून ठेव. मी म्हटलं, "मी काय चोरी करतेय?" आईंना दुसऱ्याच दिवशी वॉटर हीटरच्या कपाटात बुडबुड करणारी बादली दिसली.

"हे काय गं?"

"बिअर आहे, आई. मी करते."

"बरं," त्या म्हणाल्या, आणि दार लावून घेतलं. एवढंच. ओरडल्या असत्या तर मी भांडले असते. त्या नुसत्या "बरं" ने माझी दोन रात्रींची झोप उडवली. आठवड्याने फोनवर त्यांच्या बहिणीला सांगताना ऐकलं, "नाही गं, सून घरीच असते." मुलगा कुणावर गेलाय ते तेव्हा कळलं.

त्या हिवाळ्यात हॉप्सची टंचाई होती. दुकानदाराने पाटी लावली, कॅस्केडची माणशी महिन्याला दोनच पाकिटं. मी दोन महिन्यांची पाकिटं राखून ठेवली आणि फेब्रुवारीच्या शेवटी स्पर्धेची बिअर लावली. कडूपणासाठी अगदी थोडे, बाकी सगळे वासासाठी. कडू कमी ठेवून वास पुढे आणायचा, असा माझा डाव होता. बाहेर पाऊस, घरात गारठा, म्हणून बादली पुन्हा हीटरच्या कपाटात ठेवली. आईंचं इडलीचं पीठही तिथेच, कारण ओव्हनचा दिवा गेला होता आणि त्या दिव्याच्या उबेशिवाय रेडमंडला पीठ काही फुगत नाही. त्याच सुमारास दुधी किसताना आईंनी अंगठा चांगलाच सोलवटून घेतला आणि ओली कामं आठवडाभर माझ्याकडे आली. पहिली बुडबुड शांत झाल्यावर मी झाकण उघडून वरून हॉप्स टाकले आणि बाटल्या भरायच्या दिवसाची वाट बघत बसले.

मार्चच्या मध्यावर एका दुपारी झाकण उघडलं. वर पातळ, सुरकुतलेली साय. मी चमचाभर चाखलं. आंबट. साधं आंबट नव्हे, चौथ्या दिवशीच्या पिठासारखं आंबट. डेअरीत सहा वर्षं ज्या जंतूंना मी जिवापाड वाढवलं, त्यांचीच भावकी माझ्या बिअरमध्ये नांदत होती. स्पर्धेला जेमतेम सहा आठवडे होते.

माझा तोल गेला. आई टेबलाशी मटार सोलत बसल्या होत्या.

"आई, त्या बादलीत तुम्ही हात घातलात का?"

"मी कशाला घालू?"

"पिठाचे जंतू गेलेत त्यात! तुम्हाला हे पहिल्यापासून नको होतं. मग तोंडावर सांगायचं होतंत. असं मागून नासवायची काय गरज होती?"

मी हे बोलले. आज लिहिताना पण कानशिलं तापतात. आईंनी मटाराची शेंग खाली ठेवली आणि अंगठा वर केला. त्यावर अजून पट्टी होती.

"त्या आठवड्यात पीठ फेटलं कुणी?" त्यांनी विचारलं. आवाज अजिबात चढवला नाही.

मी फेटलं होतं. हाताने, कारण हाताने फेटलं की पीठ चांगलं फुगतं हे आमच्या घरात सगळ्यांना माहीत आहे आणि का फुगतं हे मला तर नक्कीच माहीत आहे. मनगटापर्यंत हात बुडवून फेटलं, नळाखाली विसळला, टॉवेलला पुसला, आणि भांडं कपाटात ठेवायला गेले तेव्हा आठवलं की आज वरून हॉप्स टाकायचेत. त्याच हाताने पाकीट फोडलं. त्याच हाताने मुठी भरून आत सोडले. त्यात कडूपणा मी कमी ठेवलेला. भरपूर असता तर हॉप्सनीच त्या जंतूंना आवरलं असतं. मॅनेजरला खोलीबाहेर काढणारी बाई ती मीच, आणि आपल्याच हाताने आपलीच खोली बाटवली. तोंडात मारल्यासारखं झालं.

"चुकलं माझं, आई," मी म्हटलं. त्यांनी सोललेले मटार उचलून फ्रिजमध्ये ठेवले आणि खोलीत गेल्या. पाच गॅलन बिअर मी सिंकमध्ये ओतली आणि ओतताना हमसून रडले. बिअरसाठी किती आणि त्या वाक्यासाठी किती, ते सांगता येत नाही.

संध्याकाळी नवरा बसमधून उतरून आला, सगळं ऐकलं आणि म्हणाला, "सोड ना यार. पुढच्या वर्षी कर."

"पुढच्या वर्षी नाही. ह्याच वर्षी."

"हॉप्स कुठून आणणार? तुझी मार्चची दोन पाकिटं तर झाली."

खरं होतं. आदल्याच आठवड्यात दोन्ही घेऊन एका छोट्या चाचणीत घालवली होती. एप्रिलची मिळेपर्यंत थांबले तर बिअर तयार व्हायला दिवस पुरणार नव्हते. उद्या दुकानदाराच्या हातापाया पडायचं, असं मी ठरवलं.

सकाळी किल्ली घेऊन निघाले तर दाराशी आई तयार. सुती साडी, वर मुलाचं जॅकेट, पायात स्निकर्स.

"तुम्ही कुठे?"

"तुझ्या त्या दुकानात. माणशी दोन पाकिटं देतात म्हणालीस ना? मग मी माणूस नाही का?"

मला हसू आवरेना, आणि हसायची लाजही वाटत होती. दुकानात आई थेट काउंटरला गेल्या, दोन बोटं वर केली आणि म्हणाल्या, "टू. कॅस्केड." दुकानदाराने माझ्याकडे बघितलं, त्यांच्याकडे बघितलं, आणि अगदी गंभीरपणे विचारलं, मॅडम कुठली बिअर करणार आहेत? "हर बिअर," आई माझ्याकडे बोट दाखवून म्हणाल्या. त्याच्या दाढीआड हसू दिसलं. नियम नियमच होता, आणि गिऱ्हाईक समोर उभं होतं. त्याने दोन पाकिटं काढली आणि मला दिली होती तशी चिमूटभर फुलं आईंच्या हातावर ठेवली.

आईंनी चोळून हुंगलं. पुन्हा हुंगलं.

"संत्रं काय म्हणतेस गं तू? हे पपनस आहे. वरची साल सोलताना आतल्या पांढऱ्या भागाला येतो ना, तो वास."

पपनस! सप्टेंबरपासून डोक्यात अडकलेलं ते हेच. मी दुकानातच ओरडले.

परत येताना गाडीत आईंनी पाकिटं पर्समध्ये नीट ठेवली. मग म्हणाल्या, "पस्तीस वर्षं मी घरी होते. मला कुणी विचारलं नाही काय करतेस म्हणून, आणि मीही कुणाला सांगायला गेले नाही. तुला सांगायचंय, तर सांग." मी काही बोलणार तेवढ्यात त्यांनी पुढे जोडलं, "आणि कालचं मी विसरलेले नाहीये हं." मी मान हलवली. विसरू नये असंच होतं ते.

नवी खेप आम्ही दोघींनी केली. मी भांड्यापाशी, आई घड्याळापाशी. "आता?" मी विचारायचे. "थांब. अजून बारा मिनिटं. घाई नको करूस." गॅस बंद करायच्या पाच मिनिटं आधी त्या म्हणाल्या, "हं, घाल कोथिंबीर." बादली कोटांच्या कपाटात गेली, इडल्या महिनाभर बंद झाल्या, आणि त्या कपाटाचं दार हात धुतल्याशिवाय उघडायचं नाही असं आईंनी मुलाला बजावलं. त्याने एकदा विसरून उघडलं तर त्याच्या मागे लाटणं घेऊन धावायच्याच राहिल्या. वरून घालायचे हॉप्स मी उकळलेल्या चिमट्याने घातले. आई शेजारी उभ्या राहून माझ्या हातांकडे बघत होत्या.

स्पर्धेच्या अर्जात बिअरचं नाव लिहायचं होतं. मी 'पपनस' लिहिलं. मागच्या खोलीत अकरा बिअर आल्या होत्या, मी सोडून सगळे पुरुष, बहुतेकांना दाढ्या. तीन परीक्षक हुंगत होते, जिभेवर घोळवत होते, कागदावर खरडत होते. आई मागच्या खुर्चीवर पर्स मांडीवर घेऊन बसल्या होत्या, एसटी स्टँडवर बसावं तशा. पहिल्या नंबराचं नाव पुकारलं तेव्हा परीक्षकाने त्याचा इतका चुराडा केला की मला कळलंच नाही. आईंना कळलं. त्यांनी मला मागून ढोसलं. "अगं ऊठ, आपलं आहे ते!"

जूनमधल्या एका शनिवारी आम्ही तिघं ब्रुअरीत गेलो. आईंच्या परतीच्या विमानाला तीन आठवडे होते. आत उंच चकचकीत टाक्या, ओली फरशी, आणि शिजलेल्या धान्याचा गोडसर वास. मला ब्रुअरने रबरी बूट दिले आणि पांढरा कोट दिला.  सप्टेंबरपासून मी ह्या क्षणावर डोळा ठेवून होते आणि आता कोटाचं बटण नीट लागेना.

ब्रुअर तरुण होता, बोलघेवडा. टाकी उकळत होती, हॉप्सची बादली त्याने आणून ठेवली होती, शेवटच्या पाच मिनिटांना अजून वेळ होता. "छान कृती आहे तुमची," तो म्हणाला. "एरवी तुम्ही काय करता?"

नवऱ्याने सवयीने तोंड उघडलं. मला दिसलं ते. पण आईंनी त्याच्या दंडावर हात ठेवला आणि त्याला मागे सारलं.

"शी इज मायक्रोबायोलॉजिस्ट," आई म्हणाल्या. एकेक अक्षर सुटं, स्पष्ट. "सिक्स इयर्स."

 टाकीचा भोंगा वाजला, ब्रुअरने हॉप्सची बादली माझ्यापुढे सरकवली, आणि आई मराठीत म्हणाल्या, "बघत काय बसलीस? आधी हात धू. नीट."

मी बेसिनपाशी गेले आणि बाह्या वर केल्या. कोपरापर्यंत हात धुतले. दोनदा.